आधी विचारपूस, मग सुई: शरणपूर रोडवरच्या लॅबचा अनुभव

नाशिकमध्ये शरणपूर रोडला कॅनडा कॉर्नरवरून थोडं पुढे गेलं की एका मेडिकलच्या वर, पहिल्या मजल्यावर ही लॅब आहे. खालची पाटी लहान आहे, पटकन दिसत नाही. लॅबला लागूनच लसीकरणाची खोली आहे आणि संध्याकाळी डॉक्टर मॅडम बसतात. आमच्या घरातल्या सगळ्यांची हिपॅटायटिस बी ची (विषाणूमुळे लिव्हरला होणाऱ्या काविळीच्या एका प्रकाराची) तपासणी आणि लसीकरण इथे झालं. स्वस्त कुठे आणि रिपोर्ट लवकर कुठे, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मला सांगायचंय ते वेगळं आहे. इथे दंडाला पट्टा बांधायच्या आधी माणसाला समोर बसवून विचारतात. या आजाराच्या बाबतीत निम्मं काम त्या विचारण्यातच होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

माझ्या धाकट्या दिरांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. ऑपरेशनआधी जे रक्त तपासतात, त्यात एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी ची चाचणी, पॉझिटिव्ह आलं. भाऊजी अंबडला कंपनीत आहेत, तब्येत ठणठणीत, कधी कावीळ झाल्याचं कुणाला आठवत नाही. ज्या हॉस्पिटलात त्यांना दाखल केलं होतं, तिथे लाल शाईने "एचबीएसएजी पॉझिटिव्ह" असं फाईलवर लिहून फाईल कॉटच्या पायथ्याशी अडकवली होती. येणारा-जाणारा वाचत होता. घरच्यांना बसवून दोन शब्द समजावून सांगणारं कुणी नव्हतं. जाता जाता एक जण एवढंच बोलून गेला, "घरच्यांचं पण तपासून घ्या."

पुढचे दिवस घरात कसे गेले ते आम्हालाच माहीत. जाऊबाईंनी भाऊजींचं ताट-वाटी, पेला, टॉवेल सगळं वेगळं काढलं. पोरांना जवळ जाऊ देईनात. आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, घशाखाली घास उतरेना. कुणी काविळीची माळ घालायला सांगितलं, कुणी नाकात औषध सोडणाऱ्याचा पत्ता आणून दिला. आणि जाऊबाईंच्या मनात जो प्रश्न होता, तो त्या तोंडाने विचारत नव्हत्या, पण डोळ्यांत दिसत होता: हे आणलं कुठून?

आधी आम्ही घराजवळच्या एका लॅबमध्ये गेलो होतो. तिथे काउंटरवरच्या मुलाने भलंमोठं पॅकेज समोर ठेवलं, त्यात थायरॉइड होतं, व्हिटॅमिन होतं, कोलेस्टेरॉल होतं. आम्ही कशासाठी आलोय हे विचारलंच नाही. तिथून उठून आलो. माझ्या पार्लरला येणाऱ्या एका ताईंनी शरणपूर रोडचं नाव सुचवलं.

इथल्या सिस्टर पन्नाशीच्या असतील. त्यांच्याकडे छापील मराठी फॉर्म आहे, पण तो त्या भरायला देत नाहीत. एकेकाला आत बोलावतात आणि स्वतः विचारून लिहितात. जन्म घरी झाला की दवाखान्यात? आईला किंवा भावंडांना कधी लिव्हरचा आजार? कधी रक्त चढवलं होतं का? दात कुठे काढला? गावाकडे असताना इंजेक्शनं कोण द्यायचं, सुई नवी असायची का? अंगावर टॅटू किंवा गोंदण? नाक-कान कुणी टोचले? दाढी कुठे करता? घरात रेझर, टूथब्रश, नेलकटर एकमेकांचे वापरता का? कामावर कुणाच्या रक्ताशी संबंध येतो का? नवरा-बायकोच्या नात्याबाहेर कधी संबंध आला का? शेवटचा प्रश्नसुद्धा त्या बाकीच्या प्रश्नांच्याच आवाजात विचारतात. आवाज खाली नाही, भुवया वर नाहीत. म्हणून माणूस खरं सांगतो.

मला आवडलं ते असं की प्रत्येक प्रश्नामागचं कारणही सांगतात. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा तो निदान सात दिवस जिवंत राहतो. म्हणून वस्तऱ्याचा प्रश्न, म्हणून ब्रशचा आणि नेलकटरचा प्रश्न. लाल डाग दिसायलाच हवा असं नाही. गावाकडच्या इंजेक्शनांबद्दल त्या एवढं खोदून का विचारतात, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी गुजरातेतल्या मोडासाची आठवण काढली. २००९ साली तिथे वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरात आल्या आणि हिपॅटायटिस बी ची साथ पसरून कित्येक माणसं दगावली.

आता जाऊबाईंच्या मनातल्या प्रश्नाचं. मॅडमनी नवरा-बायको दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं ते मी जवळजवळ शब्दशः लिहिते, कारण ते प्रत्येक घरात पोचायला हवं. "मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांचं शरीर सहा महिन्यांच्या आत विषाणू काढून टाकतं. तान्हेपणी लागण झाली तर शंभरातल्या नव्वदांच्या अंगात तो राहून जातो, आणि वर्षानुवर्षं काही त्रास देत नाही. त्यामुळे चाळिशीत सापडलेला हा आजार पाळण्यातला असू शकतो. आज पॉझिटिव्ह आला म्हणून काल काहीतरी केलं, असा हिशोब इथे लागत नाही." जाऊबाई ऐकत होत्या. भाऊजींनी मान वर केली ती त्या आठवड्यात मी पहिल्यांदा पाहिली.

मॅडमनी हेही सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हा आजार होता, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नाही. भाऊजींना तो कळला हे बरंच झालं, असं त्या म्हणाल्या. आणि मग ताटाकडे वळल्या. "एका ताटात जेवलं, एकाच पेल्यातलं पाणी प्यालं, मिठी मारली, शिंकलं, एक संडास-बाथरूम वापरलं, याने हा आजार पसरत नाही. ताट परत सगळ्यांच्यात ठेवा. वेगळं ठेवायचं ते रेझर, ब्रश आणि नेलकटर. जखम झाली तर झाकून ठेवायची." एवढं एक वाक्य हॉस्पिटलात कुणी बोललं असतं तर आमच्या घरातली किती रडारड वाचली असती.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो आईंना. त्यांचं वय सत्तरीच्या पुढचं. त्या फॉर्मला घाबरल्या होत्या, पदर सावरून बसल्या होत्या. सिस्टरांनी त्यांचा उजवा हात हातात घेतला, बांगड्या जरा वर सारल्या आणि मनगटाच्या वरचं तुळशीवृंदावन पाहत म्हणाल्या, "मावशी, काय सुबक गोंदलंय हो. कुठे गोंदून घेतलं?" आई खुलल्या. "वणीच्या जत्रंला. गडावरून खाली आलो नि गोंदणारीण बसलेली. आम्ही मैतरणी रांगेनं बसलो. ती काजळीत सुई बुडवायची नि टोचायची." सुई एकच होती का, असं विचारल्यावर आई म्हणाल्या, "एकच की. पुसायची लुगड्याला नि पुढचीचा हात घ्यायची." सिस्टरांनी लिहून घेतलं. बाळंतपणं घरी झाली, सुईण गावची, लहानपणी ताप आला की काचेच्या सिरिंजचं इंजेक्शन, सगळं लिहून घेतलं. हिरव्या पडलेल्या त्या वृंदावनाकडे मी इतकी वर्षं रोज पाहते आहे. त्याचा या आजाराशी काही संबंध असू शकतो हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

चाचण्यांबद्दल थोडं बारकाईने सांगते, कारण बहुतेक ठिकाणी एकच करतात आणि तिच्यावरच भागवतात. इथे तिन्ही केल्या. एचबीएसएजी म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे का. अँटी-एचबीएस म्हणजे संरक्षण तयार झालंय का, लसीमुळे किंवा आजार होऊन गेल्यामुळे; आकडा १० किंवा त्याच्या वर असला की संरक्षण आहे असं धरतात. आणि अँटी-एचबीसी टोटल, म्हणजे हा विषाणू आयुष्यात कधी शरीरात येऊन गेला होता का. नुसती पहिली निगेटिव्ह आली तर आज आजार नाही एवढंच कळतं. उद्या होऊ शकतो की नाही, ते बाकीच्या दोन सांगतात. लागण होऊन महिनाही झालेला नसेल तर पहिली चाचणी फसवू शकते, म्हणून अलीकडे काही घडलं असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा यायला सांगतात.

आमच्या घरात काय निघालं? माझे यजमान, मी, जाऊबाई आणि थोरला पुतण्या, चौघांचं तिन्ही निगेटिव्ह. म्हणजे आजार नाही, पण संरक्षणही नाही. थोरल्याचा जन्म २००४ चा, तेव्हा ही लस सरकारी लसीकरणात सगळीकडे आलेली नव्हती. देशभर ती पोचली २०११ च्या सुमारास. धाकटा २०१४ चा. त्याचं कार्ड जाऊबाईंनी जपून ठेवलं होतं, त्यावर जन्माच्या वेळचा डोस आणि नंतरचे पेंटाव्हॅलेंटचे (हिपॅटायटिस बी धरून पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचे) तीन, सगळ्या नोंदी होत्या, आणि त्याच्या रक्तात संरक्षण चांगलं निघालं.

आईंचा रिपोर्ट निराळा आला. विषाणू नाही, पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आणि संरक्षणही आहे. म्हणजे कधीतरी लागण झाली होती आणि त्यांच्या शरीराने ती स्वतःच परतवली. आई हे ऐकून पांढऱ्या पडल्या. "माझ्यापासनं लेकराला आलं का?" असं त्यांनी विचारलं. मॅडम खुर्चीवरून उठून त्यांच्याजवळ येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, "मावशी, कुणाकडून कुणाला, हे हा कागद सांगू शकत नाही. गावात सुई एकच होती, डॉक्टर एकच होता, वस्तरा एकच होता. तुम्हाला त्या काळी हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि लसही नव्हती." आईंसाठी त्यांनी एक गोष्ट फाईलवर ठळक लिहून दिली: पुढे कधी कॅन्सरची केमो किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यायची वेळ आली तर आधी हा रिपोर्ट दाखवायचा, कारण झोपलेला विषाणू तेव्हा पुन्हा डोकं वर काढू शकतो.

लसीबद्दल. रक्त घेतलं त्याच दिवशी पहिला डोस दिला, रिपोर्टची वाट पाहिली नाही. क्रम मात्र काटेकोर पाळतात, आधी रक्त आणि मग लस. लसीतला अंशच काही दिवस रक्तात दिसतो आणि एचबीएसएजी चाचणी त्यामुळे चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते. आईंनाही तो डोस मिळाला होता. पुढचे लागले नाहीत, आणि त्या एका डोसाने काही बिघडत नाही.

सिस्टरांनी फ्रिज उघडून थर्मामीटर दाखवला. लस २ ते ८ अंशांतच ठेवायची, गोठली तर फेकून द्यायची. बाटली हलवली की पाणी दुधट होतं, तसं झालेलं दाखवलं. सिरिंजचं पाकीट माझ्यासमोर फाडलं. थोरला पुतण्या सवयीने कमरेची बाजू पुढे करून उभा राहिला, तर म्हणाल्या, "कमरेवर नाही रे राजा, दंडावर. कमरेच्या चरबीत ही लस नीट काम करत नाही." टोचून झाल्यावर सुई टेबलावरच्या कटरमध्ये घालून कापली आणि ती पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात गेली. सिरिंज लाल पिशवीत. मी सगळं टक लावून पाहत होते, माझा धंदाच तसा आहे.

पुतण्याला कॉलेज रोडला टॅटू काढायचाय. त्याने सिस्टरांना तेही विचारून घेतलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. तीन डोस पूर्ण होऊ दे, मग सुई आणि शाईचा कप दोन्ही नवे उघडायला लाव, असं सांगितलं. शाईचा कप बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. दाढीचंही तसंच: रामकुंडावर मुंडण असो की गल्लीतलं सलून, पातं तुमच्यासमोर नवं मोडून वस्तऱ्यात घालायला सांगा. सिंहस्थ आला की रामकुंडावर केस उतरवायला देशभरातून लोक येतात. तेव्हा तर हे आवर्जून सांगावं.

माझं त्रिमूर्ती चौकात पार्लर आहे, म्हणून मी माझ्या कामाचंही विचारलं. थ्रेडिंग, वॅक्सिंगमध्ये कातडी फाटून रक्त आलं तरच प्रश्न, पण तो दोरा आणि ती पट्टी परत वापरायची नाही. धातूची हत्यारं ऑटोक्लेव्हमध्येच, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रातच, निर्जंतुक होतात. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून भागत नाही. नाक टोचायचं काम मी घेत नाही. घेतलं असतं तर प्लॅस्टिकची पुन्हा पुन्हा वापरायची गन चालली नसती, ती उष्णतेने निर्जंतुक करताच येत नाही. कातडीशी आणि ब्लेडशी काम करणाऱ्या प्रत्येकीने लस घेतलेली असावी, असं माझं ठाम मत झालंय. माझ्या हाताखालच्या दोन्ही मुलींना मी इथेच घेऊन आले.

पैसे वाजवी आहेत. लसीच्या बाटलीवर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही, टोचण्याचे थोडे वेगळे. लस पुण्याच्या सीरमची होती. तिसऱ्या डोसाची आठवण करायला लॅबमधून फोन आला, आणि तो फारच उपयोगी पडला. पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा, एवढ्या अंतराने माणूस विसरतोच. जाऊबाईंना तिसऱ्यानंतर महिना-दोन महिन्यांनी संरक्षण तपासायला परत बोलावलंय. तोवर दोघांनी निरोध वापरायचा हे त्यांना एकटीला बाजूला घेऊन सांगितलं.

नाराजी तीन गोष्टींची. सिस्टर ज्या खोलीत विचारपूस करतात तिला दार नाही, पडदा आहे. बाहेर बाकावर बसलेल्याला कान दिला तर ऐकू येतं. जिथे लोक पहिल्यांदा इतकं खरं बोलतात तिथे दार हवंच. मी मॅडमना स्पष्ट सांगितलं, त्यांनी ते मान्य केलं, पण मागच्या वेळी गेले तेव्हाही पडदाच होता. दुसरं, लिफ्ट नाही. आईंना जिना चढवताना दोघं लागले. तिसरं, रिपोर्ट सगळा इंग्रजीत आहे. समजावून सांगतात, पण घरी आल्यावर कागद वाचून आईंना काही कळत नाही. पाचपैकी चार तारे देते, पाचवा दार बसेल तेव्हा.

भाऊजींचं ऑपरेशन दुसऱ्या एका ठिकाणी सुरळीत पार पडलं. हा आजार असला म्हणून ऑपरेशन अडत नाही. पुढच्या तपासण्यांसाठी मॅडमनी त्यांना स्वतःकडे ओढून धरलं नाही. हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली, २०१८ पासून, सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत आहेत. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला जाऊन चौकशी करा, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. प्रत्येक पॉझिटिव्ह माणसाला लगेच गोळी सुरू होत नाही. रक्तात विषाणू किती, लिव्हरला सूज किती, हे पाहून ठरतं, आणि सुरू झाली की मनाने बंद करायची नाही. दारू मात्र आजपासून बंद. भाऊजी घेत नव्हतेच.

जाताना उपाशीपोटी जायची गरज नाही. जुनं लसीकरण कार्ड असेल तर शोधून न्या. सकाळी दहानंतर गेलात तर सिस्टरांना बोलायला वेळ असतो, त्याआधी साखरेच्या रक्ताची गर्दी असते. घरात कुणी गरोदर असेल तर तिला अजिबात मागे ठेवू नका. ती पॉझिटिव्ह निघाली तर बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस आणि तिच्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटीबॉडीजचं) इंजेक्शन द्यायचं असतं, आणि ते बाळंतपण जिथे होणार तिथे आधीच सांगून, मागवून ठेवावं लागतं. आई स्वतः पॉझिटिव्ह असली तरी बाळाला अंगावर पाजू शकते. गरोदर बाईची फाईल मॅडम स्वतः पाहतात, तिला रांगेत बसवत नाहीत.